टॅली दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालत नाही? लायसन्सची वाट आणि डेटाची वाट वेगळी तपासा

आडत दुकान असो, छोटा कारखाना असो की कर सल्लागाराचं ऑफिस, टॅलीप्राइम हे हिशोबाचं सॉफ्टवेअर एकापेक्षा जास्त कॉम्प्युटरवर जोडलं की ठरावीक तक्रारी परत परत येतात. आपली तक्रार खालच्यापैकी नक्की कोणती ते आधी ठरवा. ‘टॅली चालत नाही’ एवढ्यावर कोणालाच काही शोधता येत नाही.

लक्षणं

१. दुसऱ्या मशिनवर टॅली उघडतं, पण एज्युकेशनल मोडमध्ये. महिन्याची पहिली, दुसरी आणि शेवटची तारीख सोडून व्हाउचर (व्यवहाराची नोंद) टाकता येत नाही.
२. लायसन्स बरोबर दिसतं, पण कंपन्यांची यादी रिकामी येते.
३. काल संध्याकाळपर्यंत चालू होतं, आज सकाळी बंद. मधल्या काळात कोणी हातही लावलेला नाही.
४. सकाळी चालतं आणि जेवणाच्या सुट्टीनंतर अडकतं.
५. कंपनी उघडते, रिपोर्ट दिसतात, पण व्हाउचर सेव्ह होत नाही.
६. सर्व्हरवर (डेटा आणि लायसन्स ज्या कॉम्प्युटरवर आहे त्यावर) सगळं झटपट होतं, बाकीच्या मशिनवर एकेक लेजर उघडायला वेळ लागतो.
७. एका काउंटरवर झालेली बिलं दुसऱ्या कॉम्प्युटरला दिसतच नाहीत.
८. कंपनी उघडताना किंवा एखादा रिपोर्ट बघताना एरर येऊन टॅली बंद पडतं.

यातल्या बहुतेक वेळा दोष टॅलीत नसतो. दुसऱ्या मशिनवरचं टॅली सर्व्हरपर्यंत दोन वेगळ्या वाटांनी पोचतं. लायसन्सची वाट टॅलीच्या गेटवे सर्व्हरमार्फत (बाकीच्या मशिनना लायसन्स देणाऱ्या प्रोग्रॅममार्फत) जाते, तिचा पोर्ट म्हणजे जोडणीचा क्रमांक सहसा ९९९९. डेटाची वाट विंडोजच्या फोल्डर शेअरिंगमधून जाते, तिच्याशी लायसन्सचा काही संबंध नाही. दुकानाचा परवाना आणि गोदामाची किल्ली जशा वेगळ्या, तशीच ही गोष्ट: परवाना आहे म्हणून गोदाम उघडत नाही, आणि किल्ली आहे म्हणून परवाना मिळत नाही. लक्षण १ म्हणजे लायसन्सची वाट तुटली. २ आणि ५ म्हणजे डेटाची. दोन्ही एकदम गेल्या तर मधलं नेटवर्कच गेलं. एवढं ठरवलं की अर्धी शोधाशोध वाचते. मी जिथे जिथे हे दुरुस्त करायला जातो तिथे लोकांनी लायसन्स पुन्हा घालून पाहिलेलं असतं, टॅली काढून परत टाकलेलं असतं, आणि दोष मात्र फोल्डरच्या परवानगीत निघतो.

सुरुवात बॅकअपने

काहीही करून बघण्याआधी सगळ्या मशिनवरचं टॅली बंद करायला सांगा. मग सर्व्हरवरचा पूर्ण डेटा फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा आणि नावात तारीख टाका. टॅलीच्या आतला ऑल्ट+वाय मधला बॅकअपही घ्या. सगळ्यांनी बंद करायचं कारण असं की कोणी व्हाउचर टाकत असताना घेतलेल्या कॉपीत काही फाइली जुन्या आणि काही नव्या येऊ शकतात. अशी कॉपी नंतर उघडली नाही तर ती घेऊन उपयोग नाही. पुढच्या तपासण्या निरुपद्रवी दिसल्या तरी हे टाळू नका.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

सर्व्हर चालू आहे का आणि जागा आहे का, हे आधी बघा. छोट्या ऑफिसात ‘सर्व्हर’ म्हणजे बहुधा मालकांच्या किंवा दिवाणजींच्या टेबलावरचा साधाच कॉम्प्युटर असतो. दिवाणजी जेवायला गेले की तो स्लीपमध्ये जातो आणि काउंटरवरचं बिलिंग थांबतं. लक्षण ४ चं सगळ्यांत नेहमीचं कारण हेच. पॉवरच्या सेटिंगमध्ये स्लीप ‘नेव्हर’ करा, स्क्रीन बंद झाली तरी चालते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या’ अशा अर्थाची खूण असते, तीही काढा. ती राहिली तर कॉम्प्युटर जागा दिसतो, पण नेटवर्क झोपलेलं असतं.

आता आवृत्ती. एफ१ दाबून अबाउटमध्ये प्रत्येक मशिनवर रिलीज नंबर बघा आणि कागदावर लिहून घ्या. सगळीकडे तोच नंबर हवा. एखाद्याने आपल्याच मशिनवर अपडेट केलं आणि नव्या रिलीजने डेटा बदलून घेतला, तर जुन्या रिलीजला तो उघडत नाही. रिलीज ३.० च्या वेळी असंच होतं, जुना डेटा मायग्रेट करावा लागत होता. अपडेट करायचं तर सगळ्या मशिनवर एकाच दिवशी, बॅकअप घेऊन, आणि शक्यतो ११ किंवा २० तारखेच्या तोंडावर नाही. जीएसटीआर-१ आणि ३बी या जीएसटी रिटर्नांच्या मुदतीच्या दिवशी असला प्रयोग कोणालाच परवडत नाही.

तिथेच लायसन्सचा प्रकारही दिसतो. सिल्व्हर एका वापरकर्त्यासाठी असतं, गोल्ड एकाच जागेच्या नेटवर्कवरच्या अनेकांसाठी. सिल्व्हर असेल तर पुढचं काहीही करून दुसऱ्या मशिनवर एकाच वेळी काम होणार नाही, आणि तो दोष नाही. दिवसाला दहा बिलं असतील तर सिल्व्हरवर आळीपाळीने काम भागतं. एकाच वेळी दोघांना व्हाउचर टाकायची असतील तर गोल्ड घ्या. क्रॅक केलेली कॉपी हा उपाय नाही: वर्षभराचा हिशोब अशा फाइलवर ठेवायचा की जिच्यात काय भरलंय ते कोणालाच माहीत नाही, हे मला पटत नाही.

टीएसएसची, म्हणजे टॅलीच्या अपडेटसाठीच्या वर्गणीची, मुदत संपली म्हणून विकत घेतलेलं टॅली बंद पडत नाही. मात्र मुदत संपल्यानंतर निघालेलं नवं रिलीज टाकलंत तर ते एज्युकेशनल मोडमध्ये जातं. ‘अपडेट केलं आणि लायसन्स गेलं’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हे असतं.

अर्ध्या मिनिटाची परीक्षा

अडलेल्या मशिनवर विंडोजची की आणि आर दाबा. उघडलेल्या चौकटीत इंग्रजीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि त्यांना लागूनच सर्व्हरचं नाव लिहून एंटर करा. डेटाचा फोल्डर दिसतो का? त्यात जाऊन एक रिकामी टेक्स्ट फाइल तयार करा, नाव बदला, पुसून टाका. कंपनीच्या फाइलींना मात्र हात लावू नका.

तिन्ही गोष्टी झाल्या तर डेटाची वाट ठीक आहे, दोष लायसन्समध्ये किंवा टॅलीत दिलेल्या पाथमध्ये (डेटा कुठे आहे ते सांगणाऱ्या पत्त्यात) शोधा. फोल्डर दिसतो पण फाइल तयार होत नाही, तर परवानगी अपुरी आहे (लक्षण ५ चं उत्तर मिळालं). फोल्डरच दिसत नसेल तर विंडोज किंवा नेटवर्क. लोक हीच परीक्षा टाळतात आणि थेट टॅलीत शिरतात.

नावाने उघडत नसेल तर त्याच पद्धतीने आयपी पत्त्याने (नेटवर्कमधल्या आकडी पत्त्याने) उघडून बघा. पत्त्याने उघडतं आणि नावाने नाही, तर नाव शोधण्याची यंत्रणा अडली आहे. दोन्हीने नाही, तर सर्व्हरवर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग चालवून त्याचा आजचा पत्ता बघा. राउटर पुन्हा चालू झाला की तो सर्व्हरला नवा पत्ता देऊ शकतो. रात्री लाइट गेली, सकाळी आली, आणि कोणी काही न करता पत्ता बदलला. लक्षण ३ असंच जन्माला येतं. राउटरमध्ये सर्व्हरसाठी पत्ता राखून ठेवा. विंडोजमध्ये हाताने पत्ता घालण्यापेक्षा हे बरं, कारण राउटर तोच पत्ता दुसऱ्याला देऊन टक्कर घडवत नाही.

पिंग (मशिन उत्तर देतं का ते विचारणारी कमांड) करून बघायला हरकत नाही, पण पिंगला उत्तर आलं नाही म्हणजे सर्व्हर बंद आहे असं धरू नका. विंडोजची फायरवॉल पिंग अडवू शकते आणि बाकी सगळं नीट चालू असू शकतं.

विंडोजच्या परवानग्या: इथे वेळ द्या

माझ्या कामाचा मोठा भाग इथेच जातो. पुढची क्रमवारी मोडू नका.

नेटवर्कचा प्रकार. सर्व्हरवरच्या नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट’ आहे की ‘पब्लिक’ ते बघा. पब्लिक असेल तर आपण रेल्वे स्टेशनच्या वायफायवर आहोत असं विंडोज धरून चालतं आणि शेअरिंग अडवतं. राउटर बदलला की विंडोजला ते नवं नेटवर्क वाटतं आणि ते पब्लिक ठरू शकतं. प्रायव्हेट करा, फाइल अँड प्रिंटर शेअरिंग चालू करा. फायरवॉल पूर्ण बंद करू नका. ती बंद केल्यावर टॅली चाललं तर दोष फायरवॉलमध्ये आहे एवढं कळतं, तेवढं कळलं की लगेच परत चालू करून फक्त लागणारी परवानगी द्या.

पासवर्ड. सर्व्हरवरच्या ज्या खात्याने आत जायचं त्याला पासवर्ड नसेल तर विंडोज नेटवर्कवरून ते खातं आत घेत नाही. समोर बसून चालतं, म्हणून हा दोष ओळखू येत नाही. दुसरी गफलत पिनची. रोज चार आकडी पिन टाकून कॉम्प्युटर उघडणाऱ्याला तोच पासवर्ड वाटतो. पिन त्या मशिनपुरताच असतो, दुसऱ्या मशिनवरून तो चालत नाही, मूळ खात्याचा पासवर्डच लागतो. आणि पासवर्डशिवायचं ‘गेस्ट’ शेअरिंग विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून बहुतेक मशिनवर चालत नाही. वर्षानुवर्षं तसंच चालू असलेल्या ऑफिसात रात्रीतून अपडेट आलं की सकाळी कंपन्यांची यादी रिकामी.

माझी पद्धत अशी. सर्व्हरवर टॅलीच्या शेअरिंगसाठी एक वेगळं स्थानिक खातं काढतो, ईमेलशी न जोडलेलं. त्याला नीट पासवर्ड देतो आणि ‘पासवर्ड कधीच संपत नाही’ ही खूण करतो. ही खूण विसरू नका. स्थानिक खात्याच्या पासवर्डची मूळ मुदत विंडोजमध्ये ४२ दिवसांची असते, त्यामुळे खूण करायची राहिली तर साधारण दीड महिन्याने सगळं बंद पडतं आणि तोवर जोडणी कोणी कशी केली ते विसरलेलं असतं. मग प्रत्येक मशिनवर विंडोज जिथे पासवर्ड साठवतं त्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये सर्व्हरचं नाव, हे खातं आणि पासवर्ड नोंदवतो. जुनी चुकीची नोंद तिथे असेल तर ती आधी पुसा, नाहीतर विंडोज तीच वापरत राहतं.

दोन टॅब. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘शेअरिंग’ आणि ‘सिक्युरिटी’ असे दोन टॅब असतात. परवानगी दोन्हीकडे लागते, आणि दोन्हींपैकी जी कमी असेल ती लागू होते. शेअरिंगमध्ये सगळं दिलं आणि सिक्युरिटीमध्ये फक्त वाचायची परवानगी राहिली, तर कंपनी उघडेल पण व्हाउचर सेव्ह होणार नाही. वरच्या खात्याला शेअरिंगमध्ये ‘चेंज’ आणि सिक्युरिटीमध्ये ‘मॉडिफाय’ द्या. घाईत ‘एव्हरीवन – फुल कंट्रोल’ देऊन मोकळं होण्याची सवय सोडा. एखाद्या मशिनमध्ये फाइली कुलूपबंद करणारा व्हायरस शिरला की तो ज्या फोल्डरपर्यंत पोचू शकतो ते सगळे खातो.

फोल्डर कुठे आहे तेही बघा. डेस्कटॉपवर, वनड्राइव्हमध्ये किंवा गूगल ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये चालू डेटा ठेवू नका. टॅली लिहीत असतानाच ती सेवा फाइल उचलायला जाते, आणि दोन मशिनवर सिंक असेल तर एकाची फाइल दुसऱ्याच्या फाइलीवर बसू शकते. क्लाउडवर बॅकअप जरूर ठेवा, चालू डेटा नाही.

लायसन्सची वाट

लक्षण १ असेल तर आधी सर्व्हरवरच लायसन्स दिसतं का ते बघा. तिथेच नसेल तर बाकीच्या मशिनवर वेळ घालवण्यात अर्थ नाही. सर्व्हरवर आहे आणि दुसरीकडे नाही, तर सर्व्हरच्या सर्व्हिसेसमध्ये टॅलीचा गेटवे सर्व्हर चालू आहे का आणि तो ‘ऑटोमॅटिक’ आहे का ते पाहा. नंतर अडलेल्या मशिनवर ‘यूज लायसन्स फ्रॉम नेटवर्क’ निवडून सर्व्हरचं नाव आणि पोर्ट द्या. पत्त्याऐवजी नाव दिलंत तर राउटरने पत्ता बदलला तरी चालू राहतं. अजून नाही म्हणत असेल तर सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये आणि अँटिव्हायरसमध्ये त्या पोर्टला प्रायव्हेट नेटवर्कपुरती परवानगी द्या.

सर्व्हरचं विंडोज फॉरमॅट करायचं असेल किंवा मशिन बदलायचं असेल तर आधी टॅलीमधून लायसन्स सरेंडर करा. लायसन्स त्या मशिनला बांधलेलं असतं. हार्डवेअरवाल्याला हे सांगायचं राहिलं की पुढची धावपळ होते.

बिलं दिसत नाहीत: सगळ्यांत नाजूक प्रकार

लक्षण ७ मध्ये एररही येत नाही, म्हणून ते सगळ्यांत उशिरा कळतं. होतं असं की एक दिवस दुसऱ्या मशिनला सर्व्हर मिळत नाही. काउंटरवर गिऱ्हाईक उभं असतं. मुलगा टॅलीत दिसणारी आपल्याच सी ड्राइव्हवरची जुनी कंपनी उघडतो, किंवा परवाचा बॅकअप तिथे रिस्टोअर करतो आणि बिलं फाडायला लागतो. नाव तेच, लेजर तेच, सगळं ओळखीचं. दुसऱ्या दिवशी सर्व्हर मिळायला लागतो तरी टॅली त्याच स्थानिक पाथवर उघडत राहतं. आता एकाच पेढीचे दोन हिशोब चालू झाले.

ओळखायचं असं: कंपनी निवडण्याच्या पडद्यावर डेटाचा पाथ दिसतो, तो प्रत्येक मशिनवर वाचा. सर्व्हर सोडून इतर ठिकाणी सी किंवा डी ड्राइव्हचा पाथ दिसला तर तिथे स्वतंत्र कॉपी चालू आहे. जोडलेल्या नेटवर्क ड्राइव्हचं अक्षर वेगळं असतं, त्याची गल्लत करू नका. खात्रीसाठी सर्व्हरवर आजच्या तारखेला एक मेमोरॅंडम व्हाउचर टाका आणि दुसऱ्या मशिनवर दिसतं का ते बघून काढून टाका. मेमोरॅंडम हिशोबात जात नाही, म्हणून तेच वापरा.

सापडलं की पहिलं काम, त्या मशिनवरचं काम तिथल्या तिथे थांबवा. मग दोन्ही डेटांच्या वेगवेगळ्या कॉपी काढून बाजूला ठेवा. वेगळं झाल्याची तारीख शोधा आणि त्या दिवसापासूनची दोन्हीकडची सेल्स रजिस्टरं छापून समोरासमोर ठेवा. स्वयंचलित नंबर असतील तर तोच बिल नंबर दोन वेगळ्या गिऱ्हाइकांना गेलेला दिसेल. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिलाचा अनुक्रमांक आर्थिक वर्षात एकमेव असावा लागतो, म्हणून टॅलीत नंबर बदलून हे मिटत नाही. गिऱ्हाइकाकडे छापील बिल गेलेलं आहे, त्याने कदाचित त्यावर इनपुट क्रेडिटही धरलं आहे.

थोडीच बिलं असतील, नंबर भिडत नसतील आणि त्या महिन्याचं रिटर्न गेलेलं नसेल, तर स्थानिक कॉपीतून तेवढ्या तारखांची व्हाउचर एक्सपोर्ट करून मुख्य डेटात इंपोर्ट करता येतात. आधी मुख्य डेटाच्या कॉपीवर करून बघा, बेरजा जुळल्या की खऱ्या डेटावर. नंबर भिडले असतील किंवा रिटर्न भरून झालं असेल तर तिथेच थांबा आणि सीएंना बोलवा. तो प्रश्न आता कॉम्प्युटरचा राहिलेला नाही.

पुन्हा होऊ नये म्हणून त्या मशिनवरचे सगळे जुने डेटा फोल्डर बॅकअप घेऊन हलवा, टॅलीचा डेटा पाथ सर्व्हरचाच ठेवा, आणि प्रत्येक काउंटरला वेगळी मालिका द्या. नियम ४६ एकापेक्षा जास्त मालिका चालवू देतो, फक्त नंबर १६ अक्षरांच्या आत हवा. सर्व्हर बंद पडला तर काय करायचं तेही आधीच ठरवा: छापील बिलबुक, त्याची वेगळी मालिका, आणि नंतर सर्व्हरवर नोंद. काउंटरवरच्या मुलाला हे सांगून ठेवलं नाही तर तो त्याला सुचेल ते करणार, आणि त्यात त्याचा दोष नाही.

थोडा खर्च लागेल अशा तपासण्या

लक्षण ६ साठी आधी केबल बघा. नेटवर्कच्या स्टेटसमध्ये वेग १ गिगाबिट हवा. नवा नेटवर्क स्विच (सगळ्या मशिनच्या केबल जिथे जोडतात तो डबा) आणि नवं नेटवर्क कार्ड असूनही १०० मेगाबिट दिसत असेल तर केबलमधल्या आठपैकी एखादी तार तुटली आहे किंवा क्लिप नीट बसलेली नाही. उंदीर, चिमटलेलं दार, खुर्चीचं चाक, काहीही कारण असतं. केबल बदलून बघणं हा या यादीतला सगळ्यांत स्वस्त खर्च आहे.

वायफायवर टॅलीचा डेटा उघडू नका. नेट बघायला वायफाय ठीक असतं कारण क्षणभर तुटलं तर पान परत येतं. डेटाच्या फाइलीत लिहिताना मध्येच तुटलं तर लिहिणं अर्धं राहतं. लक्षण ८ असलेल्या ऑफिसात मी आधी वायफायवरचं मशिन कोणतं तेच विचारतो. भिंतीत तार नेणं शक्यच नसेल तर त्या मशिनवरून सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉपने काम करा. मग डेटा सर्व्हरवरच लिहिला जातो, वायफायवरून फक्त पडदा येतो. त्यासाठी सर्व्हरवर विंडोजची प्रो आवृत्ती लागते, होम चालत नाही, आणि साध्या प्रोवर एका वेळी एकालाच बसता येतं.

यूपीएस सर्व्हरला असतो, पण स्विच आणि राउटर बहुधा साध्या प्लगवर असतात. लाइट जाऊन इन्व्हर्टर घेईपर्यंतच्या क्षणात सर्व्हर चालू राहतो आणि स्विच बंद होऊन पुन्हा चालू होतो, सगळ्या मशिनची जोडणी तुटते. भारनियमनाच्या गावात हे दिवसातून कितीदाही होतं. स्विचही त्याच यूपीएसवर घ्या.

अँटिव्हायरस प्रत्येक फाइल उघडताना तपासत असेल तर वेग पडतो. डेटा फोल्डर त्याच्या तपासणीतून वगळता येतो. पण रोजचा बॅकअप बाहेर जात असेल तरच हे करा.

दोष वाटतो पण दोष नसतो

‘माझ्या मशिनवर मागच्या तारखेचं व्हाउचर होत नाही’ किंवा ‘मला बॅलन्सशीट दिसत नाही’ ही तक्रार आली तर कॉम्प्युटर बदलून नाही, लॉगइन बदलून बघा. ऑल्ट+के मध्ये युजर रोल्समध्ये मागच्या किती दिवसांची व्हाउचर करता येतील याची मर्यादा घालता येते, आणि कोणते रिपोर्ट दिसावेत तेही ठरवता येतं. कोणीतरी ती घातलेली असते.

याच ठिकाणी एक आग्रह. सगळ्यांनी मालकांच्याच नावाने लॉगइन करू नये. प्रत्येकाचं वेगळं नाव असेल तरच कोणतं व्हाउचर कोणी बदललं ते कळतं. कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपन्यांना तर १ एप्रिल २०२३ पासून बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर वापरणं बंधनकारक आहे, आणि त्या नोंदीत सगळीकडे एकच नाव असेल तर ऑडिटर विचारणारच. एकट्या मालकीच्या पेढीला हे बंधन नाही, पण संशय निष्पाप माणसावर येऊ नये म्हणून तिथेही हे करा.

डेटा रिपेअर शेवटी

ऑल्ट+वाय मधलं रिपेअर वरचं सगळं तपासून झाल्यावरच. नेटवर्क अजून तुटत असेल तर दुरुस्त केलेला डेटा परत बिघडेल, म्हणून क्रम महत्त्वाचा. बाकी सगळ्या मशिनवरचं टॅली बंद करा, सर्व्हरवर बसून करा, नेटवर्कवरून कधीही नाही. आधी डेटाची ताजी कॉपी काढा, आणि रिपेअर आधी त्या कॉपीवरच चालवा. झाल्यावर ट्रायल बॅलन्स, स्टॉक समरी आणि व्हाउचरांची संख्या आधीच्या छापील कागदाशी ताडून बघा. काही वेळा खराब झालेली व्हाउचर निघून जातात, आणि ती कोणती ते मागाहून शोधणं फार अवघड असतं.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

सर्व्हरच्या डिस्कमधून टकटक आवाज येत असेल किंवा फाइल कॉपी होताना मध्येच अडत असेल तर मशिन बंद करा. पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका, रिपेअर तर नकोच. डेटा परत मिळवणाऱ्या तज्ज्ञाकडे डिस्क जितकी कमी फिरलेली जाईल तितकं बरं.

फाइलींची नावं बदलून अनोळखी शेपट्या लागल्या असतील आणि पैसे मागणारी चिठ्ठी दिसत असेल तर सगळ्या मशिनच्या नेटवर्क केबल ताबडतोब काढा. बॅकअपची डिस्क कोणत्याही मशिनला लावू नका, ती शेवटची चांगली प्रत असू शकते.

रिपेअर एकदा करून कंपनी उघडली नाही तर दुसऱ्यांदा करू नका. मूळ कॉपी टॅलीच्या अधिकृत पार्टनरकडे द्या. दुसऱ्या गावची शाखा किंवा घरून काम जोडायचं असेल तर तेही त्यांच्याकडूनच करून घ्या. राउटरमध्ये रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट थेट इंटरनेटला उघडून देणारा माणूस काम पटकन करतो, पण ते दार चोवीस तास उघडं राहतं.

फोन करताना एवढं हाताशी ठेवा: लायसन्सचा सीरियल नंबर, प्रत्येक मशिनचा रिलीज नंबर, सर्व्हरचं विंडोज होम की प्रो, एररचा फोटो, दोन्ही वाटांपैकी कोणती तुटली आहे, टेक्स्ट फाइलच्या परीक्षेचा निकाल, आणि शेवटचा चांगला बॅकअप कोणत्या तारखेचा. सर्व्हरवरच्या खात्याचा पासवर्ड फोनवर सांगू नका. माणूस समोर आल्यावर स्वतः टाका आणि काम झालं की बदला.